गाभ्यातलं पाणी

कुंडी उजेडाकडे धरून तिनं एक डोळा मिटला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"अगंबाई, हे कुणी केलं?"

ऑर्किडची मुळं हिरवीगार होती. कुंडी पारदर्शक प्लास्टिकची, आत मातीचा कण नाही, नुसते झाडाच्या सालीचे तुकडे आणि थोडा कोळसा. त्यामुळे मुळं बरणीतल्या लोणच्यासारखी बाहेरून दिसायची. कोरडी असली की रुपेरी-करडी, पाणी प्यायली की हिरवी. एवढं तिला एव्हाना कळायला लागलं होतं. आणि तिनं तर गेले कितीतरी दिवस झाडांना पाण्याचा थेंब दाखवला नव्हता. कामाच्या रगाड्यात साफ विसरली होती. आज आठवण झाली तशी जीभ चावत, झारी भरून गॅलरीत आली, तर ही बया आधीच न्हाऊनमाखून बसलेली.

दुसऱ्या कुणाच्या हे लक्षातही आलं नसतं. पण हिचं पोटच रंग ओळखण्यावर चालायचं. ती दात करायची. दाताचे डॉक्टर मापं पाठवत, आणि ही घरातल्या टेबलावर मेण, प्लास्टर आणि एक छोटी भट्टी घेऊन त्या मापांच्या कवळ्या करून देई. पांढरा हा तिच्या लेखी एक रंग नव्हताच. पिवळट पांढरा, करडट पांढरा, चहाबाजाचा पांढरा, सिगरेट सोडून चार लोकांत मिरवणाऱ्याचा पांढरा, असे त्याचे नाना प्रकार. अख्खी इमारत तिला दातवाली म्हणायची. अशा बाईची नजर करड्या-हिरव्यात फसेल, हे काही खरं नव्हतं.

तिनं दुसरी कुंडी उचलली. हिरवी. तिसरी उचलली, तीही हिरवी. वरच्या फळीवरच्या सगळ्यांची तीच तऱ्हा, आणि खालच्या फळीवरची मात्र कोरडी ठणठणीत. पानं जिथून फुटतात त्या मधल्या गाभ्यात तिनं बोट घातलं. तिथं ओल नव्हती. तिनं पाणी घातलं की गाभ्यात तळं साचायचं, कारण ती झारीनं वरूनच घालायची. म्हणजे ज्यानं कुणी हे केलं होतं त्यानं वरून ओतलं नव्हतं, आणि उडालेले चार शिंतोडेही नीट टिपून घेतले होते. एका पानाच्या बेचक्यात कापसाची बारीकशी तार अडकली होती.

घरात माणसं दोन. एक ती. दुसरे अण्णा, तिचे सासरे, आणि ते गॅलरीच्या दाराशी चाकाच्या खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर होता, तोही सकाळी तिनंच उचलून ठेवलेला.

"अण्णा, तुमच्या बागेला पाणी घालून कोण गेलं हो?"

उत्तर येणार नाही हे माहीत असून बोलत राहायची तिला सवयच लागली होती. अण्णा बाहेर बघत राहिले. तोंडाची एक बाजू ओघळलेली, आणि ओठाच्या कोपऱ्यात ओल. तिनं जाता जाता रुमालानं ती पुसली आणि तरातरा जिना उतरून खाली गेली.

घराची दुसरी चावी खालच्या काकूंकडे असायची, अडीअडचणीला म्हणून.

"मी?" काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या. "माझ्या हातून कुंडीतली कोथिंबीर जगत नाही, आणि तुझी ती नखरेल फुलं! आणि माझ्या गुडघ्यांनी जिना कधीच सोडलाय गं बाई. वर आले तर चौघांना बोलवून खाली आणावं लागेल मला."

"मग चावी?"

"ही काय खिळ्याला. बघ, धूळ बसलीय."

बसली होती खरी.

"भूत असेल," काकू म्हणाल्या. "कामसू दिसतंय. माझ्याकडे पण पाठव म्हणावं, सकाळची भांडी तशीच पडलीयेत."

ती हसली. पण जिना चढताना ते हसू मधल्या वळणावरच कुठंतरी राहिलं.

आता या घराची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लोकांच्या घरात नवरा राहतो आणि सासरे जातात. हिच्या वाट्याला उलटं आलं. नवऱ्यानं दुसरीकडे संसार मांडला आणि एका सुटकेसनिशी चालता झाला. त्या दिवशी अण्णा दारात उभे राहून हिला म्हणाले होते, "घर त्यानं सोडलंय. तू नाही सोडायचं." बस्स, एवढंच. त्या माणसाला जास्त बोलायची खोडच नव्हती. सरकारी वजनमापं खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दुकानादुकानांतून तराजू तपासायचे, खोटी वजनं पकडायची. वाणी त्यांना लांबून बघूनच घाम पुसायला लागत, असं सासूबाई सांगायच्या. निवृत्तीनंतर त्यांना एकच नाद, गॅलरीतली ऑर्किडं. ती कशी जपायची याचे त्यांचे नियम होते, आणि कुणी मोडले तर घर डोक्यावर घेत. म्हणून ती झाडांच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही.

आणि मग एका सकाळी अण्णा दाढी करता करता कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. व्यायाम करून घेणारा माणूस काही महिने येत होता, मग त्यानंही मान हलवली. माणसाला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं हिच्यावर पडलं. हिनं ते केलं. त्या दारातल्या एका वाक्यासाठी केलं म्हणा हवं तर.

झाडांचंही तिच्याच गळ्यात पडलं. तिनं त्यांनाही आजाऱ्यासारखंच वागवलं, रोज थोडं थोडं पाणी, वरून, मायेनं. ती झारी उचलायची की अण्णा खुर्चीत चुळबुळायचे, हनुवटी झाडांकडे उडवायचे, घशातून आवाज काढायचे. तिला वाटायचं यांना तहान लागली. ती झारी ठेवून पेला त्यांच्या ओठांना लावायची. बिचारे अण्णा त्या काळात पोट फुटेस्तोवर पाणी प्याले, आणि झाडं गाभ्यात कुजून एकेक करून गेली.

पण अलीकडे काय जादू झाली कोण जाणे. उरलेली झाडं सावरली. नवी मुळं फुटली. सगळ्यांत जुन्या ऑर्किडला, जिला अण्णा 'म्हातारी' म्हणायचे, तिला चक्क फुलाची दांडी आली. ते सगळं श्रेय तिनं बिनदिक्कत स्वतःच्या खात्यावर जमा केलं. नणंदेला फोनवर म्हणालीसुद्धा, "ताई, माझ्या हाताला आता गुण आलाय."

नणंद दूरच्या शहरात असायची. वाईट नव्हती ती. घर तिच्या नावावर होतं, सासूबाईंनीच केलेलं. दर फोनला तिचं एकच असे, "अण्णा जरा बरे झाले की मी त्यांना माझ्याकडे नेते, वहिनी. डॉक्टर म्हणतात या अवस्थेत हलवू नका. तोवर तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे." त्या 'तोवर'नंतर काय, हे दोघींपैकी कुणी कधी बोललं नाही. घर विकायचं होतं, हे भिंतींनासुद्धा माहीत होतं.

दुपारी मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे तिची जुनी मालकीण. दात करायला ती त्यांच्याच हाताखाली शिकलेली. त्यांनी दुसऱ्या गावी मोठी प्रयोगशाळा काढली होती, नवी यंत्रं घातली होती, आणि ती सांभाळायला त्यांना हीच हवी होती. वर राहायला खोलीही. हा फोन घ्यायला ती नेहमी गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायची. अण्णांना काही समजत नाही असं डॉक्टर म्हणाले होते, तरी त्यांच्यासमोर नकोच वाटायचं.

"मी तुला पुन्हा विचारणार नाही हं," मॅडम म्हणाल्या. "आज संध्याकाळपर्यंत सांग. नाही म्हणालीस तर दुसरी मुलगी तयार आहे. तुझ्या पासंगालाही पुरणार नाही, पण आहे."

"मॅडम, तुम्हाला माहितीय ना, अण्णा..."

"माहितीय. अण्णा तुझे कोण लागतात, सांग बघू? ज्याचे वडील तो गेला. जिचे वडील ती फोन करते. तू तुझं आयुष्य कधी जगणार आहेस?"

फोन ठेवला तेव्हा गाल ओले होते. ते तिनं मनगटानं पुसले, तयार झालेल्या कवळ्यांचा डबा पोचवायला पिशवी उचलली, आणि बाहेर पडता पडता अण्णांना म्हणाली,

"डॉक्टरांकडे देऊन येते. आल्यावर खालच्या फळीला पाणी घालते, ती राहिलीयेत. बसून राहा निवांत."

निम्मा रस्ता गेल्यावर पिशवी हलकी लागली. डबा घरीच. अशी धांदरट ती कधी नव्हती. स्वतःला चार शिव्या हासडत परत फिरली. अण्णांचा डोळा लागला असेल म्हणून चावी हळूच फिरवली, चपला हातात घेतल्या, आणि दार लोटलं.

गॅलरीतला नळ चालू होता.

तिला आधी वाटलं, आपणच उघडा ठेवला. मग नळ बंद झाल्याचा आवाज आला. चोर? चोर नळ बंद कशाला करेल? ती भिंतीला धरून दोन पावलं पुढं सरकली. बोळाच्या टोकाशी खुर्ची होती. रिकामी. उशी तिच्यात तशीच, मधे खळगा पडलेली.

काचेच्या पलीकडे अण्णा उभे होते.

उभे. स्वतःच्या पायांवर. बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, कंबर कठड्याला टेकवलेली. पुढ्यात तिचा कपड्यांचा टब, त्यात खालच्या फळीवरच्या कुंड्या गळ्यापर्यंत बुडवून ठेवलेल्या. अण्णांनी त्यातली एक उचलली. उजव्या हातानं उचलली. उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून मुळांचा रंग पाहिला, अगदी ती बघते तसा. मग ती पाण्यावर तिरकी धरून निथळू दिली, शेवटचा थेंब पडेपर्यंत, घाई म्हणून नाही. शर्टाच्या खिशातून कापूस काढला आणि गाभ्यातलं पाणी टिपलं. आणि हे सगळं करताना ते पुटपुटत होते. शब्द तुटक होते, पण शब्द होते.

"वरून... घालते. दरवेळी वरून. मारून टाकेल... सगळी."

ती उलट्या पावली मागं आली. दार कसं ओढलं, आवाज कसा झाला नाही, तिला आठवत नाही. जिन्यावर मटकन बसली. चपला हातातच होत्या. हसावं की बोंब मारावी हेच तिला कळेना. मेलेला माणूस उठून बसला असता तर आनंद तरी झाला असता. हा माणूस मेला नव्हताच. हा रोज तिच्या हातून चमच्यानं सूप पीत होता. रोज तिच्या खांद्यावर सगळा भार टाकत होता. तिची पाठ कायमची कामातून गेली होती त्या भारानं. मागं एकदा ती तापानं फणफणली असताना त्यांना न्हाणीघरातून उचलायला गेली आणि दोघंही खाली पडली होती, ओल्या फरशीवर, आणि तिथंच बसून ती रडली होती. तेव्हाही? तेव्हाही यांचे पाय चालत होते?

तळपायाची आग मस्तकात गेली तेव्हाच तिला उठता आलं. यावेळी तिनं चावी खडखडा वाजवली, चपला आपटल्या, खोकलीसुद्धा.

अण्णा खुर्चीत होते. तोंड ओघळलेलं, बाह्या खाली, उजवा हात मांडीवर. ओठाच्या कोपऱ्यात ओल. टब रिकामा, भिंतीशी सरकवलेला.

"डबा विसरले," ती म्हणाली. आवाज आपला वाटेना. "आता उद्याच जाईन. सूप घेता?"

ती सूप घेऊन समोर बसली. एक चमचा. दुसरा चमचा. अण्णांनी तोंड उघडलं, मिटलं. तिनं मांडीवरचा तो उजवा हात हातात घेतला, रोज चोळायची तसा. बोटांची टोकं पांढरीफटक होती आणि त्यांना सुरकुत्या पडल्या होत्या, खूप वेळ पाण्यात राहिल्यावर पडतात तशा. तिनं एकेक बोट नीट पाहिलं. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

तिनं तो हात परत मांडीवर ठेवला, वाटी खाली ठेवली आणि उठली. झारी काठोकाठ भरली.

"अण्णा," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "खालच्या फळीला पाणी घालायचं राहिलंय ना? तुम्हालाही गंमत बघायला मिळेल."

खुर्ची ढकलत तिनं गॅलरीत नेली, फळीच्या समोर, अगदी पुढ्यात. पहिल्या झाडाच्या बरोबर गाभ्यात झारीची धार सोडली. गाभा भरला, वाहायला लागला. अण्णांच्या गळ्याची शीर हलली. दुसऱ्या झाडावर तिनं वेळ लावून ओतलं. अण्णांनी डोळे मिटले.

"डोळे उघडा हो. आता तुमची म्हातारी."

तिनं म्हातारीला वरच्या फळीवरून उतरवलं. मुळं आधीच हिरवी, पोट भरलेलं. दांडीवर कळ्या धरल्या होत्या, नखाएवढ्या. तिनं झारी वर उचलली आणि धार सोडली.

"अगं, वरून नको!"

शब्द स्पष्ट आले, अख्खेच्या अख्खे. त्याबरोबर अण्णा उठले, आणि त्यांच्या उजव्या हातानं तिचं मनगट धरलं. झारी दोघांच्या मधे अडकून राहिली आणि पाणी दोघांच्या पायांवर पडत राहिलं.

तिला वाटलं होतं, हा क्षण आला की आपण ओरडू. तिनं मनात सगळं तयार ठेवलं होतं. पण त्या हाताची पकड इतकी गरम, इतकी जिवंत होती की तिची बोलतीच बंद झाली. माहीत असूनही तिला धक्का बसला. अण्णांनाही बसला असावा, कारण ते आपल्याच हाताकडे बघत होते.

"सोडा," ती म्हणाली. "दुखतंय."

त्यांनी सोडलं. कठड्याला धरून उभे राहिले. मग पुढं होऊन म्हातारी तिच्या हातून काढून घेतली आणि टबावर तिरकी धरली. गाभ्यातलं पाणी खाली सांडलं.

"कधीपासून?"

"हिवाळ्या...पासून." त्यांची जीभ अजून अडखळत होती. "आधी पाय. मग हात. तू बाहेर गेलीस की... चालायचो. खुर्ची धरून."

"मला ताप होता. आपण पडलो न्हाणीघरात. तेव्हा?"

"नाही!" त्यांनी मान जोरात हलवली. "तेव्हा नव्हते पाय. शपथेवर सांगतो. तू रडलीस त्या दिवशी. त्या दिवशी ठरवलं, उठायचं."

"मग उठलात की! उठलात आणि पुन्हा बसलात? मी तुम्हाला रोज न्हाऊ घालत होते, अण्णा! लाज नाही वाटली?"

"डोळे मिटायचो."

"मला वाटायचं, साबण जातोय डोळ्यांत."

अण्णांनी कापूस शोधायला खिशात हात घातला, पण बोटांना तो सापडेना. तिनं न सांगता बोळा काढून त्यांच्या बोटांत दिला, आणि मग स्वतःवरच चिडली.

"का? एवढं तरी सांगा. आयुष्यभर लोकांची खोटी वजनं पकडलीत, आणि माझ्याच पदरात हे खोटं माप घातलंत?"

"लेक आली होती. आठवतं? तू चहा करत होतीस." एकेक शब्द ते जड पोतं उचलावं तसा उचलत होते. "मी सांगणार होतो तिला, त्याच दिवशी. बघ, उठलो. ती तुझ्या खोलीच्या दारात उभी होती, फोनवर. म्हणाली, अण्णा हलवण्याजोगे झाले की लगेच... घर काढायचं. गिऱ्हाईक आहे." ते थांबले. "पडलेल्या माणसाला हलवत नाहीत. मी पडलेला, तोवर घर. घर आहे, तोवर तू. मी उठलो असतो, तर तू कुठं गेली असतीस, पोरी?"

तिनं झारी फरशीवर आपटली.

"मला सांगायचं तरी!"

"तुला खोटं बोलता येत नाही. खोटे दात तेवढे करतेस. ताईचा फोन आला की तुझा आवाज कापतो, ऐकतो ना मी. एका फोनात कळलं असतं तिला."

तिच्या पोटातून काहीतरी वर आलं. तिला वाटलं रडू असेल, पण ते हसू होतं, भलतंच, न आवरणारं. ती ओल्या फरशीवर बसली आणि हसत सुटली. अण्णा घाबरले.

"मी कुठं गेले असते विचारताय? मॅडम मला कधीपासून बोलावतायत, अण्णा! नवी प्रयोगशाळा, सगळी माझ्या हाताखाली. वर खोली. परत परत फोन आला आणि परत परत नाही म्हणाले मी. तुम्हाला टाकून कुठं जाऊ म्हणून! आजही आला. संध्याकाळपर्यंत सांग म्हणाल्या, आणि नाहीच सांगणार होते."

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. कुठला पांढरा ते तिलाही सांगता आलं नसतं. त्यांनी खुर्चीचा दांडा चाचपला, आणि यावेळी मात्र पाय खरोखरच लटपटले. तिनं उठून त्यांना धरलं. सवयीनं खांदा पुढं केला. त्यांनी भार टाकला नाही.

"तू दार लावून बोलायचीस," ते म्हणाले. "मला वाटायचं... माझ्या पोराशी बोलतेस. रडत बाहेर यायचीस म्हणून."

"त्याच्याशी?" ती म्हणाली. "त्याच्याशी मी कशाला बोलू?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं आणि ती होत नव्हती. ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर जाऊन टेकलं होतं. अण्णांनी खुर्चीत बसून म्हातारी मांडीवर घेतली, तिच्या गाभ्यात कापसाचं टोक घातलं आणि उरलंसुरलं पाणी टिपलं. एक कळी गळाली होती. ती त्यांनी खिशात टाकली.

"फोन दे," ते म्हणाले.

तिला वाटलं, मॅडमना लावायला सांगतायत. "अहो, थांबा जरा. असं लगेच कसं? तुमचं काय करायचं ते आधी बघायला हवं. ताईंना काय सांगायचं, कसं सांगायचं, दोन दिवस विचार करू..."

"दे."

तो जुना आवाज होता, वाण्यांना घाम फोडणारा. तिनं मुकाट्यानं फोन दिला. अण्णांनी तो डोळ्यांजवळ नेला, उजव्या अंगठ्यानं नावं सरकवत गेले, आणि दाबला. पलीकडून नणंदेचा आवाज इतका मोठा आला की तिलाही ऐकू आला.

"हां, बोला वहिनी."

"वहिनी नाही. मी बोलतोय."

"मी कोण?"

"तुझा बाप."

पलीकडे काहीतरी पडलं, बहुतेक खुर्ची. मग रडणं, आणि रडण्यातून प्रश्नांवर प्रश्न. अण्णा फोन कानापासून लांब धरून बसले होते.

"हो. चालतोसुद्धा. हो गं, मीच... अगं, रडतेस काय? ऐक. ये आणि घेऊन जा मला. आता हलवता येतं. येताना खोकी आण मोठी, झाडांना. आणि तुझ्याकडे ऊन कुठल्या बाजूनं येतं ते बघून ठेव."

ती हातवारे करून थांबवत होती. नको, नको. आजच नको. हे एकदा बोलून झालं की हे घर गेलं, आणि मग तिला राहू म्हटलं तरी राहता येणार नव्हतं. अण्णांना ते दिसत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते सरळ तिच्या डोळ्यांत बघत होते.

"वहिनी कुठाय?" पलीकडून नणंद ओरडली. "वहिनीला द्या आधी!"

"ती नाही इथं," अण्णा म्हणाले. "ती गेली. दुसऱ्या गावी नोकरी लागलीय तिला."

त्यांनी फोन बंद करून तिच्यापुढं धरला. तो ओला झाला होता. तिनं बाहीला पुसला आणि मॅडमचं नाव शोधायला लागली. बोट नावावर ठरेना. अण्णा उठले, कठडा धरत फळीपर्यंत गेले आणि तिनं गाभ्यात पाणी ओतलेलं पहिलं झाड उचलून टबावर तिरकं धरलं.